ऐकीव पुरावा चालणार नाही

तोंडी परीक्षा चालू होती. समोर बसलेल्या मुलाचा प्रोजेक्ट फुटपाथवर राहणाऱ्यांच्या हक्कांवर होता. चांगला जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेला. पहिल्याच पानाच्या तळाशी टीप होती : ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, एआयआर १९८६ एससी १८०. मी विचारलं, "निकाल वाचलात?"

"हो सर. पूर्ण वाचला."

"कधी लागला?"

"१९८६ साली, सर."

निकाल लागला १० जुलै १९८५ ला. टिपेतलं १९८६ हे साल निकालाचं नाही, तो ज्या खंडात छापला गेला त्या खंडाचं आहे. हाच निकाल दुसऱ्या मालिकेत (१९८५) ३ एससीसी ५४५ असा सापडतो. पण माझा मुद्दा सालाचा नव्हता. या निकालात शेवटाकडे न्यायालयाने सांगितलं आहे की पावसाळा चालू आहे, तेव्हा ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत या झोपड्या हटवू नका. निकाल शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाला तो १९८६ चा वाटणं शक्यच नाही. त्या मुलाने निकाल उघडलाच नव्हता. टीप त्याने कुठल्या तरी गाइडातून उचलली होती. त्याच टिपेने त्याचं पितळ उघडं पाडलं.

गंमत अशी की याच मुलाने आदल्या सत्रात पुरावा कायद्याच्या पेपरात ऐकीव पुराव्यावरचं उत्तर उत्तम लिहिलं होतं. १८७२ च्या कायद्यातलं कलम ६०, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातलं कलम ५५ : तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. जे पाहिलं म्हणता, ते ज्याने पाहिलं त्यानेच येऊन सांगायचं. 'मला अमक्याने सांगितलं की त्याने पाहिलं' हे साक्षीच्या पिंजऱ्यात चालत नाही. मुलांना हे तोंडपाठ असतं. प्रोजेक्ट लिहायला बसल्यावर मात्र ते सगळे ऐकीव साक्षीदार होतात.

तळटिपांविषयीच्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायची म्हटल्यावर मला सांगावंसं वाटलं ते एवढंच. तळटीप ही साक्ष आहे. वाक्याच्या शेवटी तो चिमुकला आकडा टाकताना विद्यार्थी शपथेवर सांगत असतो की हे मी या ठिकाणी, या परिच्छेदात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वल्पविराम कुठे द्यायचा, पक्षकारांची नावं तिरप्या अक्षरांत छापायची की सरळ, हे सगळं त्यानंतरचं. पुस्तिकेत ते आहेच, आणि नेटकेपणाने आहे. मी त्यात भर घालणार नाही.

आपल्याकडे कायद्याच्या वर्गात फूटनोटची ओळख होते ती साधारणपणे सबमिशनच्या आठवड्यात. मूट कोर्टचं जर्नल, दोन-तीन विषयांचे प्रोजेक्ट, कॉलेजच्या शिक्क्यासाठी लागलेली रांग. अशा वेळी मुलं पंधरा पानं आधी लिहून काढतात आणि टिपा शेवटी 'भरतात'. भरणे हा त्यांचाच शब्द, आणि त्यात सगळं आलं. मजकूर कुठून आला हे एव्हाना विसरलेलं असतं. मग आठवेल ते, सापडेल ते, गेल्या वर्षीच्या मित्राच्या जर्नलमध्ये असेल ते तळाशी जातं.

या नक्कलप्रकाराचा एक फायदा मात्र आहे, परीक्षकाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. त्या कामाचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर. हस्तलिखितांची घराणी ओळखण्याची त्या शास्त्रातली एक खूण म्हणजे सामायिक चुका. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक असेल, तर दोन्हींची आजी एक. आमच्याकडेही तेच. एका निकालाचा पृष्ठांक ५९७ ऐवजी ५७९ असा पडला आणि तो चार तुकड्या तसाच वाहत आला. कोणाचा प्रोजेक्ट कोणाच्या प्रोजेक्टचं अपत्य आहे, याची वंशावळ स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या काढता येते.

आता सायटेशनकडे वळू, कारण तिथे मुलांना खरोखरच अडचण येते आणि दोष सगळा त्यांचा नाही. एकच निकाल आपल्या देशात चार-पाच ठिकाणी छापला जातो. नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरची मालिका १९१४ च्या निकालांपासूनची. सुप्रीम कोर्ट केसेस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एससीसी, लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने १९६९ मध्ये सुरू केलं. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल वेगळे, एससीआर नावाचे. प्रत्येकाचे पृष्ठांक निराळे, आणि जुन्या निकालांत परिच्छेदांचे आकडेही निराळे, कारण ते संपादकांनी घातलेले. म्हणून एआयआरचं सायटेशन देऊन पुढे एससीसीमधला परिच्छेद क्रमांक लिहिला की वाचक भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो. एका घराचा गल्लीनंबर आणि दुसऱ्याचा दरवाजानंबर. पोस्टमन दोन्हीकडून परत.

२०२३ पासून हे पुष्कळ सोपं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने निकालांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. आधी साल, मग न्यायालयाची खूण, मग अनुक्रमांक. कोणत्याही प्रकाशकावर ते अवलंबून नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात तर निकाल नागपूरचा, औरंगाबादचा की गोव्याचा हेही कळतं. त्याच वर्षी जुने अधिकृत अहवाल ई-एससीआर या नावाने सगळ्यांना फुकट खुले झाले. तालुक्याच्या गावातल्या लॉ कॉलेजमध्ये महागड्या डेटाबेसची वर्गणी नसते, हे मला चांगलं माहीत आहे. तिथल्या कपाटात निकालांचे खंड कुठल्या तरी वर्षी येऊन थांबलेले असतात. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 'बघायला मिळाला नाही' ही सबब आता मोबाइल हातात असलेल्या कोणालाही सांगता येणार नाही.

निकाल मिळाला, उघडला. इथून पुढे मात्र खरी कसोटी लागते.

केशवानंद भारतीचंच घ्या. (१९७३) ४ एससीसी २२५. राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेवर लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही टीप असते, आणि बहुतेक ठिकाणी ती तेवढ्यावरच संपते. तेरा न्यायाधीशांचं पीठ, सात विरुद्ध सहा, आणि अकरा स्वतंत्र निकालपत्रं. शेकडो पानं. यात 'न्यायालय म्हणते' असं लिहून नुसतं पहिलं पान देणं म्हणजे पाहुण्याला घराचा पत्ता म्हणून 'पुणे' सांगण्यासारखं आहे. कोण म्हणतं? सरन्यायाधीश सिक्री? हंस राज खन्ना, ज्यांच्या मतामुळे पारडं झुकलं असं मानलं जातं ते? की अल्पमतातले न्या. रे? टिपेत न्यायाधीशाचं नाव आणि परिच्छेद नसेल, तर ती टीप वाचकाला काहीच सांगत नाही. लिहिणाऱ्याविषयी मात्र पुष्कळ सांगते.

याहून घातक चूक म्हणजे अल्पमताचं वाक्य निकाल म्हणून देणं. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल, (१९७६) २ एससीसी ५२१. आणीबाणीतला खटला. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ठरवलं की अटकेत असलेल्याला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. खन्ना एकटे विरोधात गेले. आज आपल्या मनाला खन्नांचे शब्द पटतात. मुलं ते उचलतात आणि 'सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे' असं लिहून मोकळी होतात. भावना चांगली, विधान खोटं. १९७६ साली न्यायालय नेमकं उलट म्हणालं होतं. त्या निकालाची टीप देताना आणखी एक ओळ द्यावी लागते : पुट्टस्वामी प्रकरणात, (२०१७) १० एससीसी १, तो निकाल चूक ठरवला गेला. जबलपूरच्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते आणि पुट्टस्वामीत तो मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. हा योगायोग मुलांना नेहमी आठवतो, पण पहिला निकाल आता कायदा नाही हे टिपेत लिहायचं राहून जातं. न्यायालयात असं घडलं तर त्याची किंमत अशिलाला मोजावी लागते.

तिसरा सापळा हेडनोटचा. निकालाच्या माथ्यावर बारीक टायपात जे मुद्दे असतात ते संपादकाने लिहिलेले असतात, न्यायाधीशाने नव्हे. सोपे, सुटसुटीत, उचलायला हाताशी. म्हणूनच ते उचलले जातात. चौथा सापळा वकिलाच्या युक्तिवादाचा. न्यायाधीश आधी दोन पानं समोरच्या वकिलाचं म्हणणं मांडतात, ते इतक्या समजुतीने मांडतात की वाटतं त्यांना तेच मान्य आहे, आणि तिसऱ्या पानावर ते फेटाळतात. घाईत वाचणारा दुसऱ्या पानावरच थांबतो.

'दुसऱ्याच्या हातून घेतलेलं अवतरण' हा पुस्तिकेतला विभाग मला सगळ्यांत जास्त आवडला. त्यासाठी माझं एक उदाहरण देतो. 'घटनात्मक नैतिकता' हा शब्दप्रयोग अलीकडच्या निकालांत वारंवार येतो. समलैंगिक संबंधांवरच्या नवतेजसिंग जोहर प्रकरणात, (२०१८) १० एससीसी १, तो मध्यवर्ती आहे. मुलं लिहितात : डॉ. आंबेडकरांची घटनात्मक नैतिकतेची व्याख्या. आणि टीप देतात जोहरची. वस्तुस्थिती अशी की ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचं नाव घेऊन त्याचं वचन वाचून दाखवलं होतं. ग्रोट लिहीत होता प्राचीन ग्रीसविषयी. बाबासाहेबांनी ते आपल्या देशाला लावलं आणि ही वृत्ती आपल्याकडे उपजत नाही, ती जोपासावी लागेल, असं पुढे स्वतःचं म्हणणं जोडलं. बाबासाहेबांसारखा माणूस भर सभागृहात ग्रोटचं श्रेय ग्रोटला देतो आणि सत्तर वर्षांनी आपण ते पुसून टाकतो, तेही त्यांच्याविषयीच्या आदरापोटी! संविधान सभेच्या चर्चा छापील आहेत आणि इंटरनेटवर मोफत आहेत. तिथे जाऊन पाहायला दहा मिनिटं लागतात. आणि जाता आलंच नाही, तर टिपेत सरळ लिहावं की अमुक वचन तमुक निकालातून घेतलं आहे. त्यात कमीपणा नाही. वाचलेल्या निकालाची टीप देणारा माणूस प्रामाणिक साक्षीदार. न वाचलेल्या भाषणाची देणारा ऐकीव.

कधी कधी असा आक्षेप येतो की तळटीप हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. पण मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहिताना आरंभीच प्रतिज्ञा केली होती की मुळात आधार नाही असं काही लिहिणार नाही आणि अपेक्षित नाही असंही काही सांगणार नाही. आपल्या धर्मशास्त्रातल्या निबंधकारांची पानं चाळली तर दर दोन ओळींना मनूचं, याज्ञवल्क्याचं, नारदाचं नाव घेऊन वचन दिलेलं दिसतं. फरक एवढाच की त्यांच्या वाचकाला ते ग्रंथ पाठ होते, त्यामुळे नाव पुरत असे.

आणि आधुनिक काळात आपल्याकडे तळटिपांचा एक हिमालय उभा आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे मुंबई उच्च न्यायालयातले वकील, गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात त्यांनी शिकवलंही. नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'ची आवृत्ती ते सिद्ध करत होते. मुंबई बेटावर आणि गुजरातेत हिंदूंच्या वारशाच्या खटल्यांत या ग्रंथाला न्यायालयं मान देत. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा असं त्यांच्या मनात आलं. त्या 'थोड्या' इतिहासाचे पाच खंड झाले, पहिला १९३० चा, शेवटचा १९६२ चा, एकूण सहा हजारांवर पानं. (प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसाने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून वेळीच थांबावं.) त्या खंडांत कितीतरी पानांवर वर चार ओळी मजकूर आणि खाली पानभर टिपा दिसतात, त्यांत मूळ संस्कृत वचनं जशीच्या तशी. कारण वकिली आहे. आपण काढलेला अर्थ वाचकाला पटला नाही, तर त्याला मूळ वचन हाताशी मिळावं आणि आपल्याविरुद्ध वापरता यावं. प्रतिपक्षाला कागद दाखवायचाच, ही कोर्टातली सवय त्यांनी ग्रंथात आणली.

मल्लिनाथाच्या प्रतिज्ञेचा उत्तरार्ध मात्र आमची मुलं सोयीस्कर विसरतात. 'भारत हा लोकशाही देश आहे' या वाक्याला टीप लागत नाही. कलम २१ जगण्याच्या हक्काचं आहे याला एखाद्या पाठ्यपुस्तकाचा आधार नको, घटनेचाच पुरे. टिपांची संख्या वाढली की गुण वाढतात ही समजूत कुठून आली कोण जाणे. कदाचित आम्ही परीक्षकांनीच ती पसरवली असेल.

तसाच दुसरा गैरसमज टक्क्यांचा. वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. याचा अर्थ मुलांनी असा काढला की दहा टक्के चोरी माफ. मग सॉफ्टवेअरला चकवायला 'परंतु'चं 'मात्र' आणि 'न्यायालयाने'चं 'कोर्टाने' करत बसतात. यंत्राला शब्दांचं साम्य दिसतं. विचार कोणाचा हे त्याला कळत नाही, तुम्हाला मात्र कळत असतं. आणि जो मजकूर अवतरणात, श्रेय देऊन दिला आहे, तो या मोजणीतून वगळायचा असतो. म्हणजे ज्या भीतीने मुलं टीप टाळतात, त्या भीतीवरचा उपाय टीपच आहे.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर न्यूयॉर्कचा तो खटला सांगायला हवा. माटा विरुद्ध एव्हियान्का. विमानात खाद्यपदार्थांची ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने केलेला दावा. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीला विचारून काही निकाल दाखल केले. सायटेशन झकास, नावं भारदस्त. विरुद्ध पक्षाला ते निकाल कुठेच सापडेनात. न्यायालयाने प्रती मागितल्या, तर वकिलांनी त्याच यंत्राकडून निकालांचा मजकूर काढून तोही सादर केला. जून २०२३ मध्ये न्यायाधीश कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हसतात. मी त्यांना विचारतो, गाइडातून उचललेली टीप आणि ही टीप यांत नेमका फरक काय? गाइडवाला निदान खऱ्या निकालाची टीप देतो, हे उत्तर येतं. बरोबर आहे. पण उघडून पाहिलं नाही तर तो खरा आहे हे कळणार कसं?

टिपा लिहिण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात. अमेरिकेतलं ब्लूबुक १९२६ मध्ये निघालं तेव्हा २६ पानांचं होतं, नंतरच्या आवृत्त्यांत ते पाचशेच्या पुढे गेलं. रिचर्ड पोस्नर या न्यायाधीशांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. ऑक्सफर्डची ऑस्कोला त्या मानाने सुटसुटीत, टिंबं जवळजवळ नाहीत. आपल्याकडे दोन्ही चालतात आणि दोन्हींची भेळही चालते, ती तेवढी करू नका. कॉलेज सांगेल ती पद्धत घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी मात्र दोन गोष्टी अधिक सांगायला हव्यात, कारण त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही. 'इबिड'च्या जागी मराठी संशोधनात 'तत्रैव' रुळलेलं आहे, ते खुशाल वापरा, पण मधे दुसरी टीप घुसली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. सगळं टाइप झाल्यावर एकदा तेवढंच तपासा. आणि निकालाचं वाक्य मराठीत आणलंत, तर टिपेत 'अनुवाद माझा' असं लिहा. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश घ्या. एकाच वाक्याचे पाच विद्यार्थी पाच अनुवाद करतात. मूळ परिच्छेदाचा आकडा नसेल तर कोणाचा बरोबर हे ठरवायचं कशावर?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, त्यामुळे एक नवा गोंधळ सुरू झाला आहे. खुनाचं जुनं कलम ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे. जुन्या निकालातलं ३०२ पुसून १०३ लिहिणारे प्रोजेक्ट यायला लागले आहेत. न्यायालयाने जे लिहिलं तेच ठेवा आणि नवं कलम टिपेत सांगा. अशा जोडकामासाठीच टिपेची जागा आहे.

छपाईला जाण्याआधी या पुस्तिकेतल्या उदाहरणांची प्रत्येक टीप आम्ही मूळ निकालाशी ताडून पाहिली. एक चूक सापडली. ती माझी होती. एका निकालातलं वाक्य मी गेली अनेक वर्षं वर्गात न्यायालयाचं म्हणून सांगत होतो. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या वहीत ते तसं होतं. मूळ पान काढलं तर ते वकिलाच्या युक्तिवादात निघालं, आणि पुढच्याच परिच्छेदात न्यायाधीशांनी ते नाकारलेलं. आणखीही काही राहिलं असेल. कोणाला सापडलं तर कळवावं, आणि कळवताना पृष्ठांक आणि ओळ तेवढी लिहावी.